रंजनाचा श्वास चुकला नव्हता

हे मी गेल्या रविवारपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, माहेरी गेल्यावर एका उशीवर झोपणाऱ्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, तुम्हाला सांगणं सोपं — बघा, सुरुवातच खोट्याने झाली. सोपं मुळीच नाही. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा उठून चहा टाकला. घरात एवढा चहा कोण पितं?

आमचं गाव टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यावर. गावाचं नाव लिहीत नाही. गावाने काही केलेलं नाही, केलंय ते मी. मुरबाडच्या एका शाळेत मी क्लार्क आहे. सकाळच्या एसटीने जाते, संध्याकाळी येते. आमच्या वस्तीत विहार आहे, आणि दर रविवारी सकाळी वंदना झाली की तिथे मी बायकांना श्वासाचा वर्ग घेते. पाठ सरळ, खांदे सैल, डोळे मिटलेले. आजूबाजूच्या गावांतून बायका येतात, आणि मला म्हणतात, तुमच्याजवळ नुसतं बसलं तरी बरं वाटतं. मी हसते. शांत बाई म्हणून माझं नाव आहे. या नावाचीच तर सगळी गोष्ट आहे.

मी शांत नव्हते, हे आधी सांगून टाकते. जीभ अशी की शाळेतले शिपाई माझ्या टेबलाला वळसा घालून जायचे. शासनाची ऑनलाइन माहिती भरायची, साइट बंद, मुख्याध्यापक डोक्यावर उभे, आणि घरी लेकीचं लग्न ठरलेलं. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. दुकानदाराचा फोन असला तरी धस्स, लेकीचा असला तरी धस्स. मानेच्या मागे ठोके पडायचे. झोप लागायची नाही, लागली तर दात एकमेकांवर आवळून लागायची — सकाळी जबडा दुखायचा. एकदा एसटीत कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून एवढी भांडले की उतरल्यावर पाय थरथरत होते, आणि स्टँडवरच्या बाकावर बसून राहावं लागलं. मुरबाडच्या डॉक्टरांनी पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. म्हणाले, बीपी आहे, रोज सकाळी एक गोळी, विसरायची नाही.

रोज म्हणजे किती दिवस, असं मी विचारलं. ते म्हणाले, रोज म्हणजे रोज.

आमच्याकडे कायमची गोळी म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे का? ताप आला, गोळी घेतली, उतरला — त्याला कुणी नावं ठेवत नाही. पण रोजची गोळी लागली की बाईच्या नावामागे एक शब्द चिकटतो: गोळीवरची. "ती होय, ती गोळीवरची." लावणीला माणसं बोलवायची झाली की गोळीवरचीला चिखलात उतरवत नाहीत, बांधावर चहाची किटली सांभाळायला बसवतात. मायेनेच बसवतात, पण एकदा बांधावर बसलेली बाई पुन्हा खाचरात उतरत नाही. माझ्या सासूने हा शब्द दुसऱ्यांसाठी इतक्यांदा वापरला होता, की ती गेल्यावरही तो घरात राहिला.

त्याच वर्षी रंजनालाही गोळी लागली. रंजना माझी धाकटी जाऊ. आमची घरं वेगळी, ओटा एक. तिचं शिक्षण सातवीपर्यंत, शेतीचं सगळं तीच बघते, आणि मस्करी केल्याशिवाय तिला घास गिळवत नाही. मी गोळीमुळे तोंड पाडून बसले होते, तर ही सकाळी दोन्ही घरांचा चहा ओट्यावर आणायची आणि म्हणायची, "चला ताई, पेपरमिंट घेऊ." मग आम्ही दोघी गोळी जिभेवर ठेवून वर चहाचा घोट घ्यायचो आणि ती मला वेडावून दाखवायची. दिवसातलं माझं पहिलं हसू ते असायचं. ते तिने मला रोज दिलं, फुकट.

श्वासाचं मी शिकले ते माहेरी. माझं माहेर शहापूरकडचं. तिथे आमच्या आळीत एक निवृत्त नर्स राहतात, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. लेकीच्या लग्नाच्या आमंत्रणाला गेले तेव्हा त्यांच्या दारात मला चक्कर आली. त्यांनी मला भिंतीला टेकवून बसवलं, पाय जमिनीवर नीट टेकवायला लावले, एक हात पोटावर ठेवायला सांगितला. आत घेतेस त्यापेक्षा सोडताना जास्त वेळ लाव, म्हणाल्या. बाकी काही करू नकोस. मी मनात म्हटलं, एवढंच? श्वास काय, म्हैसही घेते. पण थोड्या वेळाने मानेमागचे ठोके खरंच खाली आले. खांदे कानांपर्यंत चढवलेले होते हे मला ते उतरल्यावर कळलं.

सिस्टरांनी समजावलं ते माझ्या कायम लक्षात आहे. खुराड्यात रानमांजर शिरतं, कोंबड्या फडफडतात. ते बरोबरच आहे, फडफडायलाच हवं. पण मांजर निघून गेलं तरी काही कोंबड्या उजाडेपर्यंत फडफडत राहतात, आणि मग अंडीच घालत नाहीत. तुझ्या शरीराचं तसं झालंय, म्हणाल्या. मांजर गेलंय, हे त्याला रोज सांगावं लागतं. लांब सोडलेला श्वास म्हणजे ते सांगणं. आणि लगेच पुढचं बोलल्या — मी विचारलंही नव्हतं — की गोळी चालू ठेवायची. जोडीतला एक बैल सोडून गाडी हाकायची नाही.

हे मला नीट ऐकू आलं होतं. ऐकलं नव्हतं, समजलं नव्हतं, असं मला कधीच म्हणता येणार नाही.

मी मनापासून केलं. एसटीत खिडकीशी बसून, साइट बंद पडली की, भांडण जिभेच्या टोकावर आलं की — आधी पाय टेकवायचे, मग श्वास सोडायचा. काही आठवड्यांत झोप लागायला लागली. शिपाई सरळ वाटेने यायला लागले. लेकीच्या लग्नात जेवण कमी पडतंय असं कुणीतरी येऊन सांगितलं, तरी मी उभ्या जागी तीन-चार श्वास सोडले आणि भाताचं दुसरं पातेलं चढवायला लावलं. आमचे हे म्हणाले, तुला कुणी बदलून दिलं का? हे सगळं खरं आहे. यातलं काही मी परत घेत नाही. त्या श्वासाने मला खरंच माणसात आणलं, म्हणून तर पुढचं जास्त लागतं.

बायका विचारू लागल्या, मग रविवारचा वर्ग सुरू झाला. आता आमच्या विहारातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. वर्गाच्या कितीतरी आधीपासून आमच्या बायकांनी मिश्री आणि तंबाखू सोडायची मोहीम काढली होती. जी सोडेल तिने वंदनेनंतर सगळ्यांसमोर उभं राहायचं, मिश्रीची डबी टोपलीत टाकायची, "मी सोडली" म्हणायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. चांगली रीत. लोकांसमोर सोडलेलं परत धरायला लाज वाटते. पुढे मिश्री संपली, पण रीत राहिली. कुणी साखरेचा चहा सोडला, कुणी सुनेला टोमणे मारणं. एकीने सिरीयल सोडली आणि त्याच संध्याकाळी शेजारणीच्या घरी जाऊन बघितली. तिच्यावर आम्ही वर्षभर हसलो.

एका रविवारी मी उभी राहिले.

त्याचं असं झालं — आदल्या आठवड्यात माहेरी गेले होते, गोळ्यांची पट्टी तिकडेच राहिली. आणायचं राहून गेलं. सहा-सात दिवस गोळी पोटात नाही, आणि मला काही झालं नाही. चक्कर नाही, ठोके नाहीत. सकाळी ओट्यावर रंजनाला मी म्हणायची, माझी घेऊन झाली. आणि त्या रविवारी वंदनेनंतर कुणी उठेना, सगळ्या एकमेकींकडे बघत होत्या, आणि मला वाटलं, वर्ग मी घेते, मीच काही सोडलेलं नाही. उभी राहून म्हणाले, "मी बीपीची गोळी सोडली."

टाळ्या! तशा टाळ्या मिश्रीला कधी वाजल्या नव्हत्या. म्हाताऱ्या बायका उठून जवळ आल्या, गालावरून हात फिरवले. गोळीवरची म्हणून बांधावर बसलेली बाई सगळ्यांदेखत पुन्हा खाचरात उतरत होती, असं ते होतं. सगळ्यांत जोरात रंजना वाजवत होती. तिचे हात शेतातले, तिच्या टाळीचा आवाज वेगळाच यायचा.

इथपर्यंत तो मूर्खपणा होता. ओट्यावरची थाप सोडली तर खोटं नव्हतं. खोटं त्यानंतरच्या गुरुवारी सुरू झालं. शाळेत शिक्षकांची आरोग्य तपासणी होती, मीही हात पुढे केला. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा मोजलं आणि मला चांगलंच झापलं. बरं वाटतं म्हणून गोळी बंद करायची नसते, म्हणाल्या, बीपी आतल्या आत वाढतं आणि कळतच नाही. श्वास चांगला आहे, तो चालू ठेवा, पण गोळी आजपासून परत. मी घाबरले. त्याच शनिवारी शहापूरला जाऊन गोळ्या घेतल्या. मुरबाडला घेतल्या नाहीत. का? मुरबाडचा औषधवाला आमच्या गावातल्यांना ओळखतो म्हणून. बघा, म्हणजे लपवायचं हे तेव्हाच ठरलेलं होतं, मला फक्त माहीत नव्हतं असं मी स्वतःला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. उठून म्हणायचं होतं, बायांनो, चुकलं माझं, गोळी परत चालू केली. एका वाक्याचं काम. पण त्या दिवशी दोन नव्या बायका आल्या होत्या, गोळी सोडणारी बाई बघायला. म्हटलं, पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी कुणाच्या तरी बारशाची गडबड. म्हटलं, त्याच्या पुढच्या. वंदनेत आम्ही पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. दर रविवारी, हात जोडून, मी ते सगळ्यांपेक्षा स्वच्छ उच्चारात म्हटलं, कारण मी शिकलेली. गोळी मी शाळेत घ्यायची, टेबलाच्या खणातून, शाईच्या पॅडमागची पट्टी काढून. ओट्यावर रंजना एकटीच पेपरमिंट घ्यायची. मला म्हणायची, "ताई, तुमी सुटल्या, मी राहिली मागं."

आणि मग ती उभी राहिली. पाऊस संपत आला होता, भात पोटरीला आलं होतं. वंदना झाल्यावर रंजना उठली, पदर खोचला, गोळ्यांची अर्धी भरलेली पट्टी टोपलीत टाकली आणि म्हणाली, ताईंना जमतं तर मला का नाय जमणार. सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या.

मी टाळ्या वाजवल्या.

हाच तो गुन्हा. याच्याभोवती मी मघापासून फिरतेय, आता लिहिलं. मला माहीत नव्हतं का? होतं. सिस्टरांनी सांगितलं होतं, डॉक्टरीणबाईंनी झापलं होतं, खणात माझी पट्टी होती. एक वाक्य बोलले असते तर ती टोपलीतून पट्टी उचलून पदराला बांधून घरी गेली असती, आणि वर माझी मस्करी केली असती, बस. मी काय गमावलं असतं? शांत बाई हे नाव. त्या नावासाठी मी माझ्या जावेची गोळी टोपलीत पडू दिली. घरी आल्यावर तरी सांगायचं — दोघीच असताना, ओट्यावर? तेही नाही. तिला मी एवढंच म्हटलं, श्वास मात्र नियमाने करत जा. जणू मोठी काळजी.

ती करायची. नियमाने, पोटावर हात ठेवून, उन्हात पाठ करून बसायची. मध्ये एकदा डोकं दुखतं म्हणाली. मी तिला डॉक्टरकडे नेलं नाही. श्वास सोडताना वेळ वाढव, म्हटलं.

दिवाळी झाली, खळ्यावर झोडणी चालू होती. रविवार नव्हता, पण शाळेला सुट्टी होती म्हणून मी घरी होते. रंजना पेंढा बाजूला करत होती, तिच्या हातातून तो सुटला. ती वाकून उचलायला गेली, तर उजवा हात जाईना. हसली आधी — तिला वाटलं हाताला मुंग्या आल्या. मग काहीतरी बोलली, ते आम्हाला कळलं नाही, शब्द जाड झाले होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. भाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तिला उचललं, रस्त्यावरची जीप थांबवली, मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. मुरबाड, तिथून पुढे कल्याण. वाटभर ती माझ्याकडे बघत होती आणि श्वास घेत होती. लांब सोडत होती. मी शिकवला तसा.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, बीपीची गोळी चालू होती का? भाऊजी म्हणाले, होती, पण सोडली, श्वासाचं करते. डॉक्टर तापले. कुणी सांगितलं सोडायला? भाऊजींनी खाली बघितलं. माझं नाव घेतलं नाही त्यांनी — भला माणूस. आणि मी? माझ्या पर्समध्ये तेव्हा माझी पट्टी होती, सुट्टीपुरती शाळेच्या खणातून आणलेली. घाईत सकाळची गोळी राहिली होती. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले, तशी मी मागच्या नळावर गेले, ओंजळीत पाणी घेतलं आणि गोळी गिळली. तोंड पुसून परत आले आणि रंजनाच्या पायांशी उभी राहिले. सगळे म्हणाले, बघा, किती धीराची बाई.

एवढ्यावर थांबले असते तरी भ्याड म्हणवून घेऊन मोकळी झाले असते. पण मी त्याच्याही पुढे गेले.

ती घरी आली. बोलणं हळूहळू परत आलं, पाय ओढत चालायला लागली, हात मात्र मेल्यासारखा. भाऊजी गोळ्या स्वतःच्या हाताने तिला देऊ लागले. एक दिवस दुपारी ओट्यावर बसलो होतो, आणि तिने मला सरळ विचारलं, "ताई, माजं चुकलं कुठं? तुमाला जमलं, मग मला कसं नाय जमलं?"

दार सताड उघडं होतं. रागावून नव्हती विचारत, शिकायला विचारत होती. छातीत धडधड सुरू झाली, आणि मी काय केलं — पाय जमिनीला टेकवले, श्वास लांब सोडला, धडधड खाली आणली. शरीराला सांगितलं, मांजर गेलंय. गेलं नव्हतं हो, समोर बसलं होतं, पण तोवर मी यात इतकी तरबेज झाले होते की मला स्वतःला फसवायला दोन श्वास पुरायचे. आणि त्या थंड डोक्याने मी तिला म्हटलं, मनात राग धरून श्वास केला की तो लागत नाही. उलटतो.

कुठून आणलं मी हे? सिस्टरांनी असलं काही सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. त्या क्षणी सुचलं.

रंजनाने ते धरलं. तिला सगळ्याच गोष्टी मनापासून करायची सवय. तिचा मुलगा लग्नानंतर वेगळा राहायला गेला होता, त्याचा तिला राग होता — तिने त्याला फोन करून माफी मागितली. तो बिचारा गोंधळला. विहिरीवरून एका बाईशी बोलणं बंद होतं, तिच्या दारात पाय ओढत गेली. माहेरच्या भावाला निरोप पाठवला. एकेक राग शोधून काढायची आणि जाऊन माफी मागायची, अर्ध्या तोंडाने, शब्द जुळवत. शेवटी माझ्याकडे आली. म्हणाली, तुमच्यावर पण एकदा राग धरला होता मी. पोरीच्या लग्नात. फोटो काढायला सगळ्यांना हाक मारली, मी मागे चुलीजवळ होते, मला कुणी हाक नाही मारली. मनात ठेवलं होतं. माफ करा, ताई.

ते खरं होतं. तिला हाक मारायची राहिली होती. दुसरं पातेलं तीच उतरवत होती, माझ्याच सांगण्यावरून. लेकीच्या लग्नाच्या एकाही फोटोत तिची काकी नाही.

आणि मी तिला माफ केलं. तिचा डावा हात हातात घेऊन म्हटलं, जाऊ दे गो, मी कधीच विसरले. तिचे डोळे भरून आले. माझेही आले — ते कशाने आले, ते मला विचारू नका.

याला तीन वर्षं झाली. गोळी सोडायची रीत त्यानंतर आपोआप थांबली, मला काही बोलावं लागलं नाही. रंजना वर्गाला येते, भिंतीला टेकून बसते. नवी बाई आली की तिला स्वतःचं सांगते: नीट शिका, मन साफ करून शिका, मी राग धरून केला नि माजा हात गेला. बायका तिचं ऐकून हळहळतात आणि माझ्याकडे अधिकच आदराने बघतात. मी डोळे मिटते. वर्ग सुरू करते. असे किती रविवार गेले असतील?

या महिन्यात वैशाखरे गावची एक सून नवी यायला लागली. तिशीतली असेल, दुसऱ्या बाळंतपणापासून बीपी. तिने कुठून तरी माझं जुनं ऐकलं होतं. गेल्या रविवारी वंदना झाल्यावर ती उभी राहिली, पर्समधून पट्टी काढली. मी बसल्या जागेवरून ओरडले, "ठेव ती." वर्गात मी कधी आवाज चढवलेला नाही, सगळ्या दचकल्या. मी म्हटलं, गोळी सोडायची नसते, गोळी घेतच श्वास करायचा, डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. ती पोर गोंधळून म्हणाली, पण तुम्ही तर सोडलीत ना?

मी तोंड उघडलं. मी बोलायच्या आधीच रंजना बोलली. भिंतीशी बसूनच म्हणाली, "ताईंचं वेगळं हाय गो. त्यांचं मन साफ हाय. आपल्यासारक्यांना नाय जमत ते."

तिथे मी मोडले. तिने टोमणा मारला असता तर सहन झालं असतं. ती माझी बाजू घेत होती.

त्या पोरीला बाजूला घेऊन मी तिच्याकडून गोळी चालू ठेवायचं वचन घेतलं. वर्गाला सगळं उभं राहून सांगायचं ते येत्या रविवारी सांगेन; पण आधी रंजनाला, आणि चारचौघींत नाही. विहारातून आम्ही दोघी चालत आलो, तिच्या पावलाने. ओट्यावर बसलो. मी पर्समधून पट्टी काढून आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली.

तिने विचारलं, कुणाची? मी म्हटलं, माझी. कधीपासून? मी सांगितलं — तू सोडलीस तेव्हाही घेत होते. तू पडलीस त्या दिवशीही घेतली. तुझा श्वास चुकला नव्हता, रंजू. रागाचं मी माझ्या मनाने रचलं.

तिने डाव्या हाताने पट्टी उचलून बघितली, परत खाली ठेवली. मला वाटलं, हाताचं बोलेल. हाताबद्दल ती एक शब्द बोलली नाही. तिचा श्वास वर चढला होता, गळ्याशी शीर उडताना दिसत होती, आणि माझ्या तोंडाशी आलं होतं — पाय टेकव, लांब सोड. मी ते बोलले नाही. तेवढं तरी कळलं मला.

मग तिने विचारलं, "मग मी तुमची माफी कशाची मागितली, ताई?"

ती भिंतीला धरून उठली. मी हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. पाय ओढत ती तिच्या दारापर्यंत गेली, आत गेली आणि डाव्या हाताने कडी लावली. दिवसाढवळ्या आमच्या ओट्यावरच्या दारांना कडी लावायची पद्धत नाही.